डोकं वर होणारी खाट

तिला नाव होतं आणि आईवडिलांनी ते चांगलं हौसेनं ठेवलं होतं. पण खुर्चीघरात पाऊल टाकल्यापासून ते कुणी वापरलं असेल तर शपथ. तिथे ती नुसती वर्षवाली. तिच्या आधी एक वर्षवाला होता, त्याच्या आधी आणखी एक वर्षवाली, आणि तिच्यानंतरही कोणीतरी येणारच होतं. राष्ट्रीय सेवा वर्ष म्हणून सरकारची योजना आहे ना, त्यातली ही माणसं. पदवी झाली की वर्षभर पूर्ण वेळ आपल्याच शहरातल्या एखाद्या संस्थेत राबायचं, हातखर्चापुरतं मानधन घ्यायचं आणि शेवटी प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. वर्षात जाणारं माणूस, त्याचं नाव कशाला पाठ करा, असा खुर्चीघराचा सरळ हिशोब. मागच्या वर्षवाल्याला तर गाडीवाले मामा शेवटपर्यंत भलत्याच नावानं हाक मारत होते आणि तो बिचारा ओ देत होता.

हिनं अर्जात पहिली पसंती ग्रंथालयाला दिली होती. मिळालं खुर्चीघर. खुर्चीघर हे लोकांनी पाडलेलं नाव. संस्थेचं खरं नाव पाटीवर आहे, पण ते इतकं लांब आहे की अर्ध्यातच वाचणाऱ्याचा सिग्नल सुटतो. मोटारी दुरुस्त करायच्या एका जुन्या शेडमध्ये चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, आणि हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होते अशा दवाखान्यातल्या खाटा, असा सगळा संसार. ज्याच्या घरी आजारपण त्यानं फुकट न्यायचं, काम झालं की परत आणून द्यायचं. सोपं वाटतं ना ऐकायला? न्यायला लोक धावत येतात हो. परत द्यायला कुणाचा पाय उचलत नाही. माणूस बरा झाला तर त्याला ती वस्तू डोळ्यांसमोर नको असते, म्हणून ती माळ्यावर जाते. आणि माणूस गेला, तर घरातल्यांना तिला हात लावायचा धीर होत नाही. मग ती तशीच कोपऱ्यात उभी राहते.

ती परत आणायची, हे काम वर्षवाल्यांचं. दुसरं कुणी करायला तयारच नव्हतं, म्हणून त्यांचं.

संस्थेच्या बाई पूर्वी दवाखान्यात मुख्य नर्स होत्या. त्यांचा आवाज अजूनही असा, की शेडमध्ये त्यांनी ‘हं’ म्हटलं तरी मामा सिगारेट विझवायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी हिला नियम सांगितला. “दारात मागायचं नाही. आत बोलावलं तर बसायचं. चहा आला तर प्यायचा. ते बोलतील ते ऐकायचं. वस्तू समोर असली तरी तिच्याकडे बघायचं नाही. घरातलंच कोणीतरी म्हणेल, ती खुर्ची तेवढी घेऊन जा. तेव्हा उठायचं.”

“आणि नाही म्हणालं कोणी तर?”

“तर चहा पिऊन परत यायचं. पुन्हा जायचं.”

हिनं चार वर्षं संख्याशास्त्र शिकलेलं. तिला हा शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला. एक मेसेज पाठवला की झालं की काम! पहिल्याच घरी तिनं दारातूनच नीट, नम्रपणे वॉकर मागितला. त्या घरातल्या सूनबाईंनी काही न बोलता दार लावलं, आणि मिनिटाभरानं वॉकर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली आला. मामा गाडीतून उतरून बाजूला झाले म्हणून वाचले. त्यानंतर वर्षवाली चहा प्यायला शिकली. इतका चहा, की घरी आईनं विचारलं, “संस्था आहे का हॉटेल?”

आईचं आणखीही एक दुखणं होतं. “चार वर्षं शिकून, गेलेल्या माणसांच्या खुर्च्या गोळा करतेस! लोकांनी विचारलं तर काय सांगू?”

“अगं, बरेचजण बरे होतात.”

“मग जेवताना त्यांचंच सांगत जा ना, बाई.”

लोकांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. खुर्चीघराची ती पांढरी गाडी कुठल्या दाराशी थांबली की शेजारच्या खिडक्या उघडायच्या आणि माणसं आपोआप गंभीर चेहरे करायची. मामांना त्याचा उलट अभिमान. “आपण आलो की रस्ता आपोआप मोकळा होतो बघ,” ते म्हणायचे. “मंत्र्याचं काय असेल तसं आपलं आहे.”

तर अशी सगळी सरळ गाडी चालली असताना बेकरीवाली आली.

बेकरीवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीत पहाटेपासून पाव भाजणारी, चाळिशीची, एकटी. हातावर पिठाचे डाग तसेच. तिची आई दवाखान्यात होती. फुप्फुसं थकलेली, आडवं निजलं की जीव घुसमटायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे आमच्याकडे करण्यासारखं फारसं नाही. डोकं उचलून ठेवणारी खाट घरी असेल तर शुक्रवारी घरी न्या, नाहीतर त्यांना शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल.

“ते दोन बस बदलून जायचं आहे,” बेकरीवाली म्हणाली. “मी भट्टी सोडून रोज कशी जाणार? आणि आई म्हणते, कुठेही ने, पण घरी ने. तिला बाकी काही नकोय हो.”

आता, तशा खाटा खुर्चीघराकडे होत्या तीन. दोन अशा घरी, की तिथून हलवायचा विचारही करवत नव्हता. तिसरी होती टेलरकाकांकडे. हे काका एकटे राहायचे. मांडीचं हाड मोडलं म्हणून खाट नेली होती. आणि टेलरकाका तर गेले, असं मामांनी नुकतंच सांगितलं होतं.

“मी डोळ्यांनी पाहिलं,” मामा म्हणाले होते. “काकांच्या घरावरून गाडी काढली, तर समोर पाच-सहा माणसं उभी, सगळ्यांच्या माना खाली. एक बाई रुमाल तोंडाला लावून. मी गाडी हळू केली, हात जोडले आणि पुढे आलो.” वर्षवालीनं दोन-तीनदा फोन लावून पाहिला, कुणी उचलला नाही. बाईंनी चुकचुक केलं, चांगला माणूस होता म्हणाल्या, आणि थोडे दिवस जाऊ देऊन मग जा असं सांगितलं.

तेव्हा वर्षवालीनं बेकरीवालीचा हात धरला आणि सांगून टाकलं, “ताई, काळजी करू नका. शुक्रवारी खाट तुमच्या घरी असेल.”

बेकरीवालीला रडू आलं. जाताना तिनं एवढा मोठा गरम पाव टेबलावर ठेवला. वर्षवालीनं तो मामांबरोबर वाटून खाल्ला आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदाच वाटलं, की ग्रंथालय मिळालं नाही तेच बरं झालं.

दुसऱ्या दिवशी गाडी टेलरकाकांच्या दाराशी थांबली. वर्षवालीनं केस नीट केले, चेहरा गंभीर केला. एवढ्यात पलीकडच्या दारातून शेजारीण धावत आली. पांढरी गाडी तिनं खिडकीतून पाहिली होती. “अगं बाई! कधी? सकाळी तर खिडकीत दिसले मला!” असं म्हणत तिनं वर्षवालीच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, की वर्षवालीच्याही डोळ्यांत पाणी आलं. सकाळी खिडकीत दिसले म्हणजे काय, याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरायच्या आतच दार उघडलं.

दारात टेलरकाका. हातात काठी, गळ्यात मोजपट्टी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्यांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. दोन बायका एकमेकींच्या गळ्यात, मागे मामा टोपी काढून उभे.

“अरेरे,” काका मोठ्यानं म्हणाले. “कोण गेलं?”

सांगा आता, काय उत्तर द्यायचं याला? मामांनी टोपी घातली, पुन्हा काढली. शेजारणीचा हुंदका घशातच राहिला. मग ती जी हसत सुटली ती भिंत धरून खाली बसली.

उलगडा झाला तो असा. काकांचं कानातलं यंत्र खिडकीतून वाकताना खाली पडलं होतं, आणि त्या दिवशी अख्खी गल्ली माना खाली घालून ते शोधत होती. शेजारणीला धुळीनं शिंका येत होत्या, म्हणून रुमाल. यंत्र काही सापडलं नाही, म्हणून फोन वाजलेला काकांना कळला नाही. आणि आमचे मामा हात जोडून पुढे गेले! उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण मामांना तरी किती बोलायचं? इतकी वर्षं त्या गाडीवर काढली की माणसाला उभ्या माणसांच्या घोळक्यात दुसरं काही दिसतच नाही.

काकांनी सगळ्यांना आत बसवलं, चहा केला. मांडी बरी झाली होती. चालत होते, जिना उतरत होते. खाट खिडकीशी होती, तिच्यावर शिवणाचे कपडे पसरलेले. वर्षवालीनं नियम मोडला. मोडायचा नव्हता, पण शुक्रवार डोक्यावर होता. तिनं काकांच्या कानाशी तोंड नेऊन बेकरीवालीचं सगळं सांगितलं आणि खाट मागितली.

काकांनी कप खाली ठेवला.

“खाट मी देणार नाही,” ते म्हणाले, आणि उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

खुर्चीघरात आल्यावर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मामांकडे एकदा पाहिलं; मामा गाडी पुसायला गेले. मग त्या हिच्याकडे वळल्या. “शब्द देताना खाट ताब्यात होती का तुझ्या? बाजारात तुरी!”

“जिवंत माणूस मेला असं धरून चाललो आपण, त्याला मी काय करू?”

“ते मामांचं. शब्द तू दिलास.”

हे जिव्हारी लागलं. कारण खरं होतं. संध्याकाळी घरी जाताना ती मुद्दाम बेकरीकडून गेली, सांगून टाकायचं म्हणून. बेकरीवाली काउंटरवर नव्हती. मागच्या घरात आतली खोली रिकामी करत होती. कपाट सरकवलेलं, फरशी पुसलेली, पडदा धुऊन टाकलेला. “आलीस!” ती म्हणाली. कालपर्यंत ती हिला मॅडम म्हणत होती. “आईला सांगितलं गं मी. तिनं आज अर्धी वाटी पेज खाल्ली.” वर्षवालीनं पडदा लावायला हात दिला आणि काही न बोलता घरी आली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच टेलरकाकांकडे गेली. गाडी नाही, मामा नाहीत. “मी मागायला नाही आले,” तिनं दारातच ओरडून सांगितलं. “चहा प्यायला आलेय.”

काकांनी तिला वर-खाली न्याहाळलं. सेवा वर्षवाल्यांना एक निळं जाकीट मिळतं, एकाच मापाचं, जे कुणालाच बसत नाही. हिच्या बाह्या तर बोटांच्या पुढे जायच्या. “काढ ते,” काका म्हणाले. “इतके महिने डोळ्यांना त्रास देतेयस या गल्लीत.” ते खाटेवर बसले आणि बाह्या उसवायला लागले. ती बसून राहिली. खाटेकडे बघायचं नाही, म्हणून तिनं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. आतली खोली. कडीवर धूळ बसलेली होती.

एक बाही उसवून झाली. मग काकाच बोलले, सुईकडे बघत.

“मला खाट नकोय गं. पाठीत रुतते मेली. मधेच अडते, खालून गुडघ्याचा टोला दिल्याशिवाय वर सरकत नाही.” त्यांनी दोरा ओवला. “ही गेली, त्यानंतर आठवड्याभरात मी पडलो. दवाखान्यातून आलो तो थेट या खाटेवर, इथे खिडकीशी. आत गेलोच नाही. आता तुमची खाट गेली, की मला आत झोपावं लागणार. तिच्या शेजारच्या जागेवर. ते मला नाही जमायचं.”

वर्षवालीला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. संख्याशास्त्रात तसलं काही शिकवत नाहीत. तिनं नाक पुसलं आणि मोठ्यानं विचारलं ते भलतंच व्यवहाराचं. “काका, आतला पलंग एकसंध आहे का जोडून केलेला?”

“जोडून. दोन एकेरी आहेत. का?”

“मग एक बाहेर आणू की. खिडकीशी. तुम्ही आत कशाला जाताय?”

तिनं ते दोनदा ओरडून सांगितलं. दुसऱ्यांदा शेजारणीलाही ऐकू गेलं आणि ती दारात आली. काका सुई हवेत धरून बसले होते. माणसाच्या घरातली सगळ्यात सोपी गोष्ट त्याला एकट्याला कधी सुचत नाही बघा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

“एक आणायचा,” काका सावकाश म्हणाले. “माझा राहू दे आत. तिचा आण.”

शुक्रवारी सकाळी मामा पान्हे घेऊन आले. पलंगाचे बोल्ट गंजलेले, मामांच्या नाकी नऊ आले. चुकीची भरपाई म्हणून त्यांनी एरवी दिल्या असत्या त्यातल्या निम्म्याच शिव्या दिल्या. शेजारणीनं आतली खोली झाडून घेतली. काकूंचा पलंग खिडकीशी लागला. काकांनी उशी ठेवली, उचलली, दुसऱ्या टोकाला ठेवली. मग एकदम काठी घेऊन उठले. “चला. मीही येतो. ती खाट अडते कुठे, ते त्यांना कोण दाखवणार?”

बेकरीच्या गल्लीत पांढरी गाडी शिरली, आणि व्हायचं तेच झालं. खिडक्या उघडल्या. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून दुकानाच्या पायरीवर आला. कोणीतरी म्हणालं, “गेल्या वाटतं बिचाऱ्या, घरी यायच्या आधीच.” गाडीचं पुढचं दार उघडलं आणि टेलरकाका काठी टेकत खाली उतरले. गल्लीभर नजर फिरवली. ऐकू काही येत नव्हतं, पण ते चेहरे त्यांच्या ओळखीचे झाले होते.

“न्यायला नाही!” ते असे कडाडले की न्हाव्याचं गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं. “द्यायला आलोय! हात लावा जरा!”

मग काय, अर्धी गल्ली खाटेला लागली. बेकरीवालीनं आतली खोली दाखवली. काकांनी मान हलवली. “आत नको. खिडकीशी लाव, बाई.” आतल्या खोलीसाठी धुतलेला पडदा पुन्हा निघाला आणि बाहेर लागला.

दुपारी आईला आणलं. एवढीशी झालेली म्हातारी, पण डोळे चकचकीत. काकांनी हँडल फिरवलं, अडल्यावर गुडघ्यानं टोला दिला, बेकरीवालीकडून दोनदा करून घेतलं. डोकं वर आलं. म्हातारीला खिडकीतून गल्ली दिसली, न्हावी दिसला. न्हाव्यानं हात केला. तिनं एक पूर्ण श्वास घेतला. खोलीत सगळ्यांनीच घेतला.

मग तिनं निळ्या जाकिटाकडे पाहिलं, बाह्या आता मनगटाशी बरोबर थांबलेल्या. “खाटा परत न्यायला येते ती तूच का गं?”

वर्षवालीला कुठे बघावं कळेना. “हो, मावशी.”

“चांगली दिसतेस. मग माझ्या वेळी तूच ये. दुसरं कुणी नको.”

“आई!” बेकरीवाली म्हणाली.

“मला नाही जमायचं, मावशी,” वर्षवाली म्हणाली. “माझं वर्ष आता थोडंच राहिलंय. त्याच्या आत मी ही खाट न्यायला येणार नाही म्हणजे नाही. पुढच्या वर्षवाल्याला थांबावं लागेल.”

म्हातारी हसली, खोकली, पुन्हा हसली. “ठरलं,” ती म्हणाली.

आणि मावशींनी शब्द पाळला. वर्षवालीचं वर्ष संपलं, प्रमाणपत्र मिळालं, विमा कंपनीत आकड्यांची नोकरी लागली. आईनं सगळ्या नातेवाइकांना फोन केले. खुर्चीघरात नवा वर्षवाला आला. मामा त्याला वर्षवाली म्हणून हाक मारायचे. ती अधूनमधून पाव घ्यायला बेकरीत जायची, आणि मागच्या घराच्या खिडकीतून हात हलायचा. कधी टेलरकाका तिथे बसलेले असायचे, कानात नवं यंत्र, मावशींशी मोठमोठ्यानं वाद घालत.

मग एक दिवस नव्या वर्षवाल्याचा फोन आला. “बाईंनी सांगितलंय, बेकरीच्या मागच्या घरी मी जायचं नाही. तुम्हालाच कळवायचं.”

तिनं रजा टाकली. जुनं निळं जाकीट कपाटातून काढून घातलं आणि मामांच्या गाडीत बसून गेली. गल्लीत खिडक्या उघडल्या. या खेपेला कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बेकरीवालीनं दार उघडलं, बस म्हणाली, चहा ठेवायला गेली. वर्षवाली भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. खाटेकडे बघायचं नव्हतं, तरी दिसलंच. गादी काढलेली होती, चादर घडी घालून ठेवलेली. डोक्याची बाजू मात्र अजून वर होती, खिडकीकडे.

बेकरीवालीनं कप दिला. तिचीही नजर तिकडेच गेली. “खाली करायला तीनदा गेले,” ती म्हणाली.

“अडते ती. खालून गुडघा—”

“माहितीये मला,” बेकरीवाली म्हणाली. “काकांनी शिकवलंय.”

वर्षवालीनं चहा संपवला, सगळा, आणि रिकामा कप पुढे केला.

“आणखी अर्धा दे ताई,” ती म्हणाली. “मी आजचा पूर्ण दिवस मोकळी आहे.”